सतरंजीपासून स्टेशनापर्यंत

जऊळका, ६ नोव्हेंबर

सुकेशनी,

प्रिय-बिय लिहीत नाई. तुले माहीत आहे काहून.

तुहं पाकीट भेटलं. दादाच्या हातात पडलं, कारण तू त्याच्यावर एवढं मोठं सोनेरी फूल छापलं आहे की पोस्टमनले वाटलं लग्नाची पत्रिका आली. दादानं इचारलं, कायचं आहे? मी म्हटलं, जुन्या दुकानाची जाहिरात आहे. इथं गावात सारे समजतात की मी मुंबईले साडीच्या दुकानात होती. सोळा-सतरा वर्षं साड्यायच्या घड्या करत बसली होती. तूही तेच समज, अन् मले कार्डं धाडणं बंद कर.

नंबर मागतला तू. नंबर देत नाई. भांडाचं असन त कागदावर भांड. मुंबईत आपण दोघीनं मराठी लय घासूनपुसून घेतली होती, पण भांडाले बसलं की वऱ्हाडीच येते तोंडात, त तशीच वाच.

कार्ड तीनदा वाचलं. जानेवारीत शो. साऱ्या वयाच्या, साऱ्या आंगाच्या बाया चालणार. पिकल्या केसाच्या, जाड्या, चाकाच्या खुर्चीवरच्या. अन् खाली तुह्या हातानं लिहिलं, "नीता, तू जशी आहेस तशी चाल. पाय लपवू नको. आता लोकांना तेच पाहिजे."

आता तेच पाहिजे. वा बाई. अन् तीन वर्षांखाली हाच पाय पाहून माहं नाव कोनं काढलं होतं वं? रिहर्सलमधी, साऱ्या पोट्ट्यायच्या समोर, माइकवरून म्हटलं तू, "नीता, तू बस." तीनच शब्द. मी बसली. तवापासून बसलीच आहे. लंगडते म्हणून काढलं, अन् आता लंगडते म्हणून बोलावते. मधल्या काळात माहा पाय तोच होता. तुमचीच चाल बदलली.

आपण वाशीमच्या कॉलेजातून संगंच निघालो होतो. तू मालेगावची, मी जऊळक्याची. गॅदरिंगमधी बाकावर फळ्या टाकून रॅम्प केला होता, अन् मी चालली तवा एक फळी खाली गेली तरी मी थांबली नाई, म्हणून तू म्हटलं, हिले मुंबईले नेतो. तिथं त्यायनं फूटपट्टी लावली. मी उतरली, तू दोन बोटं कमी पडली. मी वर, तू परद्यामागं कपडे घालून द्याले. तवाचा रॅम्प आठवते? कमरेएवढा उंच, लाकडी, टोकाले फोटोवाल्यायचा घोळका. तू मले खालून चप्पल घालून दे, पाठीवर थाप मार, अन् म्हण, "जा." त्या थापेवर मी कितीतरी वर्षं चालली.

आता तू थाप मारणारी नाई राह्यली, तू शो बसवते. चांगलं आहे. पण माह्याच्यानं येणं होत नाई. एक त पाय बरा आहे आता, बिलकुल बरा, तुह्या कामाचा नाई. दुसरं म्हणजे माहं लग्न जमून राह्यलं. अनसिंगचे लोक आहेत. धनराज नाव. पंचेचाळीसचा गडी आहे, पयली बायको वारली. वावर आहे, खताचं दुकान आहे. सारं चांगलं आहे.

उत्तर धाडू नको. धाडलंच त फुलाचं पाकीट नको, साधं धाड. अन् घरच्या पत्त्यावर नको. पोस्टमन फुलसिंगभाऊ पिठाच्या चक्कीवर येते, तिथं तो माह्या हातात देईन.

नीता

जऊळका, १५ नोव्हेंबर

सुकेशनी,

धाडू नको म्हटलं होतं, तरी धाडलं. वाचलं. आता वाचलं त लिहा लागते.

तू इचारते, दिवस कसा जाते. रिहर्सलमधी जाते. हास नको. पुढच्या हप्त्यात अनसिंगवाले पाहाले येऊन राह्यले, अन् माही माय सोजरबाई, जिनं जिंदगीत एक शो पाह्यला नाई, ती माह्याकडून चाल बसवून घेऊन राह्यली.

तुले माहीतच आहे, आपल्याकडं पोरगी कितीही शिकली, कितीही मोठी झाली तरी पाहाले आलेले लोक म्हणतात, "जरा चालून दाखव बाई." पोरगी अधू त नाई ना, हे पाहाचं असते. म्हणून मायनं डोकं चालवलं. आतल्या दारापासून पाहुण्यायच्या खुर्च्यांपर्यंत तिनं सतरंजी टाकली. जाडी, घडी करून दुहेरी. पाच पावलं होतात. हातात चहाचा ट्रे. ट्रे हातात असला की पोरगी हळूच चालन, कोनाले शंका येणार नाई. ट्रे ठेवाचा, बसाचं, अन् मंग ते उठेपर्यंत जागचं हलाचं नाई. माय म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची.

तसा पाय बराच आहे. पण मायले धीर नाई.

"नजर खाली. खांदे मोकळे सोड. डावा टेकला न टेकला की उजवा टाक. कंबर जाऊ दे थोडी, कंबर." असं म्हणते ती, सुपात तूर पाखडता पाखडता. आपला तो चिडका कोरिओग्राफर आठवते? तोही हेच म्हणे. कंबर गेली की लंगड कमरेत जिरते. त्यानं ते परदेशात शिकलं होतं म्हणे. माय डोक्यावर पाण्याचे दोन भरलेले गुंड घेऊन विहिरीवरून याची, तिले कोनं शिकवलं त मले माहीत नाई.

फरक एवढाच आहे की तो म्हणे समोर पाहा, अन् माय म्हणते खाली पाहा.

दुसरी रिहर्सल संस्कृतीची. दादाची पोरगी, दहावीत आहे. त्यायच्या शाळेच्या गॅदरिंगमधी आता वेशभूषा नसते, फॅशन शोच असते, अन् त्याच्यासाठी ती फोनवर पाहून पाहून आंगणात चालत राह्यते. भल्ली जोरात चालते, टाचा आपटत, जसं कोनावर धावून जाऊन राह्यली. काल मी दारात बसली होती, त मले म्हणे, "आत्या, तू कायले एवढी हळू चालते? जुन्या सिनेमातल्यासारखी? आता अशी चाल नसते. थांब, मी शिकवतो."

अन् मले धरून तिनं शिकवलं. मी शिकली. जीभ दातात धरून शिकली, सुकेशनी. तिले काय सांगू? की बाई, मी चालली तवा पयल्या रांगेत मोठमोठे दुकानदार अन् मासिकवाले बसत, अन् कोनी टाळीसुद्धा जोरात वाजवत नसे? की आमच्या आधीच्या पोरी गिरणीवाल्यायच्या साड्या घालून हॉटेलात चालत, लोक जेवत असत अन् ह्या पदर उडवून गिरक्या घेत, हसत? आमाले सांगतलं, हसाचं नाई, तोंड कोरं ठेवा, तुमी खुंट्या आहा, लोकं खुंटीवरचा कपडा पाहतात. मंग शेवटी एक सिनेमावाली याची, ती हसाची, हात हलवाची, अन् आमी तीन महिने घासलेल्या चालीकडं कोनी पाहाचं नाई. मंग करोनात रिकाम्या हॉलमधी कॅमेऱ्यासमोर चाललो, टाळ्या मागून चिकटवल्या. अन् आता पयल्या रांगेत फोनवाल्या पोरी बसतात, त्या रॅम्पकडं पाठ करून सोताचाच फोटो काढतात. हे तूच मागच्या चिठ्ठीत लिहिलं. मले वाईट वाटलं का बरं वाटलं, ते अजून ठरत नाई.

परवा मालेगावले एका लग्नाले गेलतो. लॉनमधी नवरीसाठी रॅम्प केलता. खरंच रॅम्प. दोन्ही बाजूले दिवे, खालून धूर, वरून ड्रोन. नवरी चालत आली, त फोटोवाला म्हणे, परत जा, परत या. चार डाव आणली तिले. चौथ्या डावाले तिचं तोंड आपल्यासारखं कोरं झालतं. बाजूची बाई म्हणे, काय पाहून राह्यली नीता? मी म्हटलं, साडी. काय करू, साडीच्या दुकानातली ना मी.

दादा हाक मारते. पुरे करते.

नीता

जऊळका, २४ नोव्हेंबर

सुकेशनी,

पास झाली मी. पाच पावलं, ट्रे, नजर खाली. कप हललासुद्धा नाई.

धनराज माणूस वाईट वाटला नाई. थकेल वाटला. त्यानं एकच इचारलं, "चहा तुमीच केला का?" मी म्हटलं, हाव. तो म्हणे, चांगला आहे. मंग सारा वेळ तो सतरंजीकडंच पाहत होता. त्यालेही कोनी धरून बसवलं असन. त्याची माय रुपाबाई आली नवती, तिचे टोंगळे दुखतात, उठा-बसाले तरास होते. ती येत्या इतवारी येणार, अन् ती हो म्हटली की झालं. सारं तिच्यावर आहे.

ते गेल्यावर घरात शिरा झाला. वहिनीनं मले मिठी मारली. दादाचे डोळे भरले. अन् मी न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. पाच पावलायनं घोटा ठणकत होता.

आता खरं लिहिते. तुह्याशी खोटं बोलून काय भेटते मले?

पाय बरा नाई. कधीच झाला नाई. पाण्यावरचा शो तुले माहीतच आहे, पण मी एकडाव मोठ्यानं सांगतलं नाई, म्हणून सांगते. साधा रॅम्प जुना झाला म्हणून कधी रेती टाकत, कधी आरसे लावत, कधी बंद पडलेल्या गिरणीत चालवत. त्या डावाले काचेसारख्या पांढऱ्या फळीवर घोट्याएवढं पाणी सोडलं होतं. पाण्यावरून बाया चालतात असं दिसलं पायजे. मी दुसऱ्या वळणावर घसरून पडली. घोटा आतल्या आत वाजला, मले ऐकू आला. अन् मी उठून उरलेलं अंतर चालली, कारण फळी खाली गेली तरी थांबाचं नाई हे मले सवयीचं. लोकायले वाटलं तेही शोमधलंच आहे. टाळ्या वाजवल्या. डॉक्टरनं पट्टी टाकली, स्क्रू टाकले, अन् म्हणे, चाललीस नसती त वाचला असता.

दुसरं खरं. नंबर मी देत नाई असं नाई. फोन दादाच्या खिशात राहते. "कोना-कोनाचे फोन येतात, लोक काय म्हणतीन" म्हणून. मी हप्त्यातून एकडाव मागते, तो देते, अन् समोर बसते.

दादा वाईट नाई, हे मी तुले लिहून देते. मारणं नाई, टोमणा नाई. मी मुंबईहून आली तवा मले उचलून गाडीत बसवणारा तोच. माह्या ताटात पयली भाकर पडते. त्याले वाटते, आपण गेलो त हिले कोन पाहीन, म्हणून माह्या भल्यासाठी धडपडून राह्यला. वाईट असता त मी भांडली असती. भल्याशी कसं भांडाचं, सांग. इकडं आड, तिकडं विहीर, अन् मधी शिऱ्याची वाटी.

तू लिहिलं, नको वाटत असन त निघून ये, स्टेशन त गावातच आहे. व्हय, आहे. दुपारची पॅसेंजर अकोल्याले जाते, तिची शिट्टी मले घरात ऐकू येते. चांगल्या पायानं पाव तास लागन. पण तुले गाव माहीत आहे ना? मागच्या महिन्यात गेलती मी. खरंच निघाली होती. मारुतीच्या देवळापाशी पाय भरून आला, लंगडाले लागली, अन् गावातल्या सेवालालनं मोटरसायकल थांबवली. "बस ना ताई, सोडतो." मी नाई म्हटलं. त्याच्यामागं दुसरा थांबला. मंग एक मावशी आली, "पोरीले उन्हात चालवता काय रे?" तिघायनं मिळून मले गाडीवर बसवलं, अन् सोडलं कुठं? घरी. दादानं सेवालालले चहा पाजला.

इथं लंगडणारी बाई शंभर पावलं एकटी चालू शकत नाई. माणसं चांगली आहेत, हेच अवघड आहे. मी सापडली, सुकेशनी. दाराले कडी नाई, कुलूप नाई, कोनी धरून ठेवलं नाई, अन् मी सापडली आहे. रात्री अंगावर पांघरूण घेतलं तरी दम कोंडते.

तूच काही सांग.

नीता

जऊळका, १ डिसेंबर

सुकेशनी,

तू लिहिलं, "पाय लपवू नकोस. त्या बाईला दाखव. लग्न आपोआप मोडेल." मलेही पटलं. हसू आलं की आजवर हे सुचलं कसं नाई. सारी जिंदगी झाकण्यात गेली, म्हणून उघडं करणं सुचत नाई माणसाले.

काल रुपाबाई आल्या. संगं त्यायच्या दोन नणंदा. धनराज बाहेर गाडीपाशी थांबला. बुढी लहानखुरी आहे, नाकात मोठी नथनी, डोळे असे की तांदळातला खडा वेचून काढन. मायनं सतरंजी टाकली. मी ट्रे घेऊन आली. पाच पावलं, नजर खाली. ट्रे ठेवला.

अन् बसली नाई.

माय म्हणे, "बस नीता." मी म्हटलं, "आत्याबाई, तुमाले चालून दाखवाचं राह्यलं ना?" अन् मी सतरंजीवरून खाली उतरली. आंगणात गेली. तुळशीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून ढोरायच्या गोठ्यापर्यंत, अन् परत. लंगडत. कंबर घट्ट ठेवली, सारा लंगड पायात येऊ देल्ला. जसा आहे तसा. तुह्या कार्डावर लिहिला आहे तसा. डावा पाय फरपटला तिथं मातीत रेघ पडली. नजर बिलकुल खाली नाई. सतरा वर्षांत अशी चालली नाई मी, अन् खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं. हलकं वाटलं. वाटलं, जाते आता ही बुढी उठून.

दादानं डोळे मिटले. वहिनीचा हात तोंडावर. माय दाराच्या चौकटीले धरून उभी.

रुपाबाईनं चहा संपवला. बशी पुसली पदरानं. अन् म्हणे, "पयलीचे पाय लय चांगले होते. माहेरी पळे सारखी. शेवटी तशीच गेली, भांडून निघाली अन् रस्त्यात गाडीखाली आली. हिचं बरं आहे. ही पळून जाणार नाई. माह्या धनराजले अशीच पायजे."

अन् माह्या हातात नारळ देल्ला.

सुकेशनी, माह्याजवळ खेळाले हुकमाचा एकच पत्ता होता. तोही त्यायच्या कामाचा निघाला.

दादा आता सारखा म्हणून राह्यला, पाहा, किती मोठ्या मनाचे लोक आहेत, एवढं पाहूनही हो म्हटलं. वहिनीनं शेजारी सांगतलं. गाव येऊन पाहून जाते मले, नशीब काढलं म्हणते. दुसरेपणाचं लग्न, मुहूर्त कायले पाहाचा म्हणून येत्या इतवारच्या पुढच्या इतवारी देवळात उरकणार आहेत. अनसिंगचं घर रोडपासून आत आहे म्हणे. तिथून स्टेशनाची शिट्टीही ऐकू येणार नाई.

मी सारखा विचार करून राह्यली. त्या बुढीले लंगडी पायजे, कारण ती पळणार नाई. तुले लंगडी पायजे, कारण आता लोकायले ते पाहाले आवडते. तुमी दोघी एकमेकीले ओळखत नाई, पण दोघीनं माह्या एकाच पायाले हो म्हटलं. माहं काय? मले कोनी इचारलं का, की नीता, तुले कसं चालाचं आहे?

मले राग तुहाच येते, कारण तिच्याकडून मी कधी आशा केली नवती.

माय काल रात्री माह्याजवळ येऊन झोपली. घोट्यावर खोबरेल चोळत राह्यली.

नीता

अकोला स्टेशन, ९ डिसेंबर

सुकेशनी,

हे पोस्टात टाकत नाई. हातात देईन. मुंबईची गाडी रात्री आहे, तोपर्यंत बाकावर बसून लिहिते. घोटा सुजून नारळ झाला आहे. चप्पल निघत नाई, त काढली नाई.

आज दादा सोयाबीन घेऊन वाशीमले गेला होता. वहिनी वावरात. मी पिशवीत दोन ब्लाऊजपिस टाकले, त्यायच्या मधी माहे कागद, अन् निघाली. स्टेशनरोडले टेलर आहे. लग्नाच्या पोरीनं मापाले जाणं कोनाले वावगं वाटत नाई. फक्त एकच गोष्ट पायजे होती, की लंगड दिसला नाई पायजे. दिसला की गाडी थांबते, अन् गाडी थांबली की घर.

फाटकातून निघाली तवा मी सोताच्याच पाठीवर थाप मारली. खरंच. उलटा हात करून. कोनी पाह्यलं असन त म्हटलं असन माशी बसली.

मंग चालली. संस्कृतीची चाल नाई, नवी नाई. आपली जुनी. तोंड कोरं, खांदे मोकळे, नजर दूर एका ठिकाणी. तवा फोटोवाल्यायच्या मधल्या दिव्यावर ठेवत होती, आज स्टेशनाच्या सिग्नलवर ठेवली. घोट्यात दर पावलाले सुरी जाऊन राह्यली होती. पाण्यातून उठून चालली होती ना, तेवढंच. त्या दिवशी चालली म्हणून पाय गेला. आज नसती चालली त बाकीची गेली असती.

मारुतीच्या देवळापाशी सेवालाल आलाच. गाडी हळू केली. "ताई, कुठी?"

"टेलरकडं."

"सोडू?"

"कायले? हे काय, इथंच."

त्यानं माह्या पायाकडं पाह्यलं. मी त्याच्याकडं पाह्यलं नाई. त्यानं गेर टाकला अन् गेला.

पुढं वळणावर ओट्यावर बाया बसल्या होत्या, तीळ निवडत. अन् त्यायच्यात माही माय. ती तिथं असन हे मले माहीत नवतं. माहं काळीज बंद पडलं, पाय नाई. एकीनं इचारलं, "सोजरबाई, तुही नीता कुठी चालली वं उन्हाची?"

मायनं माह्या तोंडाकडं पाह्यलंच नाई. पायाकडं पाह्यलं, मंग पिशवीकडं. मी दोन पावलं उशीर केला असता त सारं संपलं असतं. मले वाटलं, आता ती उठन, हात धरन, म्हणन, चल घरी. तिचा हक्क होता.

ती म्हणे, "मापाले चालली." अन् खाली सुपात पाहून, हळूच, जशी तूर पाखडताना म्हणे तशीच म्हणे, "कंबर."

मी कंबर जाऊ देल्ली. वळण संपेपर्यंत. मागं पाह्यलं नाई, पाह्यलं असतं त गेली नसती. गाडी सुटल्यावर, जऊळका दिसेनासं झाल्यावर, मी लय रडली. समोरच्या बाईनं पाणी देल्लं.

आता तुह्याशी बोलाचं. मी येऊन राह्यली म्हणजे तुले माफ केलं असं समजू नको. ते येऊन पाहीन. तुह्या शोमधी चालाचं का नाई, तेही तिथं ठरवीन. चालली त लंगडत चालीन का कंबर टाकून चालीन, हे मी फळीवर पाय ठेवेपर्यंत तुले सांगणार नाई, अन् तू इचाराचं नाई. कार्डावर माह्या नावासमोर जिद्द, हिंमत असलं काही छापाचं नाई. नुसतं नीता छाप. जमत नसन त सांग, मी सतरंज्या विकीन.

दादाले फोन तू कर, नंबर कागदाच्या मागं लिहिला आहे. म्हण, ती माह्याजवळ आहे, जेवली आहे. माह्याच्यानं नाई होणार आज. शिवी देईन त ऐकून घे. त्याचा राग बरोबर आहे.

अन् अनसिंगलेही निरोप जाईनच. रुपाबाई आपल्या नणंदायले सांगत बसन, काय पोरगी, लंगडी होती अन् पळाली. त्यायले एक सांगाचं राह्यलं. बुढी बरोबरच बोलली होती. मी पळाली नाई. चालत गेली.

नीता